रायगड पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडाबद्दल लोक सतत जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आहेत, अडनिडे प्रश्न शेवटी. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रायगड नक्की कुठे आहे? तो समुद्राजवळचा गड मानायचा का?

रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८२० मीटर. माथ्यावरून लाटा दिसत नाहीत, पण गड कोकणातलाच आहे. पायथ्याकडच्या काळ आणि गांधारी या नद्या सावित्रीला मिळतात आणि सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्राला. पूर्वी गलबते खाडीतून आत दासगाव बंदरापर्यंत येत. राजधानी राजगडाहून इथे आणताना बंदरे जवळ असणे हा मोठा फायदा होता. मागे सह्याद्री आणि घाटवाटा, पुढे खाडी, मध्ये चहूबाजूंनी तुटलेला हा डोंगर. सभासदाच्या बखरीत या कड्यांवर पावसाळ्यातही गवत उगवत नाही, असे वर्णन आहे. पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की ते पटते.

२. पुण्याहून आणि मुंबईहून कोणता रस्ता बरा?

मुंबईहून मुंबई–गोवा महामार्गाने माणगाव, महाड आणि महाडहून आत पाचाड. महाड ते गडाचा पायथा साधारण २५ किलोमीटर, रस्ता वळणांचा. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे येणे सोयीचे, साडेतीन ते चार तास धरा. भोरहून वरंध घाटानेही थेट महाडला उतरता येते. पण हा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्याच्या भरवशावर निघू नये. नकाशाचे ॲप कधी कधी पायथ्याच्या वाड्यांमधल्या कच्च्या रस्त्यावर नेऊन घालते. पाचाड हेच ठिकाण टाकून या. तिथून पुढे चित दरवाजा आणि त्यापुढे हिरकणीवाडीचा रोपवे, दोन्हीच्या पाट्या आहेत.

३. गाडी नाही. एस.टी. किंवा रेल्वेने जमेल का?

जमेल, पण परतीचा विचार आधी करा. कोकण रेल्वेची माणगाव आणि वीर ही दोन स्थानके जवळची. वीर महाडला जास्त जवळ, पण माणगावला जास्त गाड्या थांबतात. तिथून एस.टी.ने महाड. महाड आगारातून पाचाड-रायगडकडे जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या असतात. उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर जाण्याची वेळ विचारालच, पायथ्याहून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळही तेव्हाच विचारून घ्या. ती चुकली तर मिनीडोर किंवा रिक्षा ठरवून महाड गाठावे लागते आणि संध्याकाळी भाडे ठरवताना घासाघीस करण्याची ताकद तुमच्याकडे नसते.

४. पायऱ्यांनी जावे की रोपवेने?

गुडघे आणि दम साथ देत असेल तर चढताना पायऱ्या. रोपवे तुम्हाला चार-पाच मिनिटांत मेणा दरवाजाजवळ, म्हणजे थेट राजवाड्याच्या दारात सोडतो. सोय मोठी आहे, पण गडाची निम्मी गोष्ट चढणीवर आहे आणि ती तेवढ्यात निसटते. महादरवाजा हे त्यातले सगळ्यात मोठे नुकसान. त्याचे दोन बुरूज, एक सुमारे ७५ फूट आणि दुसरा ६५ फूट उंच, असे वळवून बांधलेत की अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. चढून आलेला दमलेला माणूस अचानक दोन बुरुजांच्या कवेत सापडतो आणि वरच्या जंग्या, म्हणजे मारा करण्याची छिद्रे, त्याच्याकडे रोखलेल्या असतात. हे वरून खाली उतरून पाहिले तर कळत नाही, खालून वर येतानाच कळते.

मधला मार्ग म्हणजे चढताना पायऱ्या आणि उतरताना रोपवे. मात्र त्याआधी प्रश्न १८ वाचा.

५. पायऱ्या किती? किती वेळ लागतो?

आकड्यावरून वाद घालू नका. मोजणी कुठून सुरू करता त्यावर तो बदलतो. दीड हजाराच्या आसपास धरा. चित दरवाजापासून माथ्यापर्यंतची चढण साधारण ४०० मीटर. रोज चालणाऱ्याला दीड तास, सवय नसलेल्याला दोन-अडीच, उतरायला तासभर.

दमछाक होते ती पहिल्या टप्प्यात, कारण लोक गप्पांच्या नादात पहिल्या दोनशे पायऱ्या झपाझप चढतात. पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे एका लयीत चढता येत नाही. सावकाश सुरू करा. खुबलढा बुरुजानंतर मशीद मोर्चाची मोकळी जागा लागते, तिथे पहिली खरी विश्रांती घ्या. उतरताना त्रास गुडघ्यांना होतो. साधी काठी असली तरी पुष्कळ फरक पडतो.

६. कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा स्वच्छ असते, समोर लिंगाणा आणि त्यामागे राजगड-तोरण्याची रांग ओळखता येते. दसऱ्यानंतर लगेच आलात तर गवत हिरवे आणि तळी भरलेली दिसतील. मार्चपासून माथा तापतो. वर झाडे फार कमी आहेत, जुनी बाजारपेठ ते जगदीश्वराचे देऊळ या पट्ट्यात तर सावलीच नाही. एप्रिल-मे मध्ये यायचेच असेल तर सहा-साडेसहाला चढायला लागा आणि अकराच्या आत उघड्यावरचे बघून घ्या. पावसाळ्याचे उत्तर वेगळे आहे.

७. पावसाळ्यात गड बंद असतो का?

सरसकट नाही. अतिवृष्टीचा इशारा असला की प्रशासन पायरीमार्ग आणि रोपवे दोन्ही बंद करते, कधी कधी आदल्या संध्याकाळी निर्णय होतो. जुलै २०२४ मध्ये ढगफुटीसारख्या पावसात माथ्यावरचे पाणी महादरवाजाजवळून पायऱ्यांवर लोंढ्यासारखे कोसळले, माणसे भिंतीला धरून अडकली आणि त्यानंतर गड काही काळ बंद ठेवावा लागला.

हे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. माथा मोठा आणि खडकाळ, पाणी मुरत नाही. ते उताराने ज्या घळीकडे धावते त्याच घळीतून वाटही वर येते, कारण इतर बाजूंनी सरळ कडा आहे. म्हणून वर पाऊस वाढला तर उतरण्याची घाई करू नका. पायऱ्यांवरून पाणी वाहत असेल तर वरच, आडोशाला थांबा. जोर ओसरला की लोंढाही लवकर ओसरतो. निघण्याच्या दिवशी सकाळी हवामान खात्याचा रायगड जिल्ह्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द करा.

८. ६ जूनला, राज्याभिषेक दिनी यावे का?

सोहळा अनुभवायचा असेल तर जरूर. गड बघायचा असेल तर मुळीच नाही. राज्याभिषेक ६ जून १६७४ ला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला. त्यामुळे तारखेचा आणि तिथीचा असे दोन सोहळे होतात आणि दोन्ही दिवशी लोक लाखांत मोजावे लागतात. खासगी गाड्या बऱ्याच अलीकडे अडवून पुढे बसने सोडतात, रोपवे सामान्यांना मिळेल याची खात्री नसते आणि पायऱ्यांवर वर जाणारे व खाली येणारे एकमेकांना अडतात. चैत्र पौर्णिमेला महाराजांची पुण्यतिथी असते, तेव्हाही गर्दी असते. शांतपणे बघायचे तर आठवड्यातला मधला वार निवडा.

९. वर गेल्यावर काय, कोणत्या क्रमाने पाहावे?

पाच तास हाताशी ठेवा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दरबार आणि समाधी बघून परत फिरणे. रायगड हे शहर होते. इथे कचेऱ्या, बाजार, वस्ती, देवळे, कोठारे आणि पाण्याची बेगमी होती. या क्रमाने फिरलात तर ते शहर डोळ्यांसमोर उभे राहते.

महादरवाजातून वर आल्यावर आधी हत्ती तलाव, मग गंगासागर. गंगासागराच्या कडेला दोन बाराकोनी मनोरे आहेत, त्यांच्या पश्चिमेकडून ३१ पायऱ्या चढून पालखी दरवाजाने आत शिरा. उजव्या हाताला मेणा दरवाजापर्यंत सात चौथरे ओळीने दिसतात, तो राणीवसा. इथे थोडे रेंगाळा. प्रत्येक महालाला जोडून दगडी शौचकूप आहे आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला काढलेला आहे. सतराव्या शतकातल्या डोंगरमाथ्यावरची ही व्यवस्था शेजारून शेकडो लोक न बघता निघून जातात.

तिथून राजवाड्याचा चौथरा, मग राजसभा. सभा सुमारे २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद. पूर्वेला तोंड करून सिंहासनाची जागा, समोर नगारखाना. नगारखान्यातून बाहेर पडलात की होळीचा माळ, शिर्काईचे देऊळ, पुढे बाजारपेठ. बाजारपेठेच्या टोकाहून एक वाट टकमक टोकाकडे जाते (प्रश्न १४), दुसरी उतरत जगदीश्वराकडे. जगदीश्वराच्या पूर्व दाराबाहेर महाराजांची अष्टकोनी समाधी. पुढे पूर्वेच्या अंगाला बारा टाकी आणि भवानी टोक. तिथवर फारच थोडे लोक जातात. वेळ कमी असेल तर हिरकणी बुरूज सोडा, बारा टाकी सोडू नका.

१०. इतके सगळे पडके का? काही नीट का उरले नाही?

गड मराठ्यांकडे १६५६ मध्ये आला. तेव्हा तो जावळीच्या मोऱ्यांचा रायरी होता. १६८९ मध्ये मोगलांनी घेतला, पुढे पुन्हा मराठ्यांकडे आला. खरा घाव १८१८ मध्ये बसला. इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि गडावर मारा केला. आगी लागल्या, १० मे १८१८ ला गड पडला. त्या वेळी दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती.

इमारतींचे जोते घडीव दगडाचे होते, वरचा भाग मात्र लाकूड, विटा आणि कौलांचा. जळाले ते वरचे, उरली ती जोती. म्हणून जगदीश्वराचे देऊळ, नगारखाना आणि मनोरे अशी सबंध दगडाची कामेच उभी दिसतात. जोत्यांकडे नीट पाहिलेत तर खांबांच्या तळखड्यांवरून खोल्यांची मांडणी ओळखता येते. माथ्यावर उत्खनन आणि जतनाचे काम चालू असते. दोऱ्या बांधलेल्या चौकोनात उतरू नका.

११. बाजारपेठेत घोड्यावर बसून खरेदी करत, हे खरे का?

असे सांगतात खरे. जोती कमरेच्या वर आहेत आणि मधला रस्ता सुमारे ४० फूट रुंद, त्यावरून ही कल्पना रूढ झाली. पण ही रोजच्या किराण्याची दुकाने होती की सरकारी माणसांची राहण्याची आणि कामकाजाची घरे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एका जोत्यात चढून स्वतः पाहा. पुढे ओटा, मागे खोल्या अशी मांडणी आहे. दोन्ही बाजूंना प्रत्येकी २२ गाळे सांगतात. एका ठिकाणी दगडात नागाची फणी कोरलेली आहे, तिथे ‘नागाप्पा शेट्याचे दुकान’ अशी गोष्ट ऐकवतात. गोष्ट म्हणून ऐकावी.

१२. नगारखान्यात कुजबुजलेले सिंहासनापाशी ऐकू येते का?

येते, पण गर्दी नसताना. एकाने नगारखान्याच्या कमानीत उभे राहून कागद फाडावा, दुसऱ्याने सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी कान द्यावा. रविवारी दुपारी प्रयोग करणाऱ्यांच्या पदरी निराशा येते. सकाळी लवकर, वारा नसताना करा.

१३. हिरोजींचा शिलालेख कुठे आहे? पुष्कळांना सापडत नाही.

दोन लेख आहेत आणि दोन्ही जगदीश्वराच्या मंदिरातच. दाराच्या उजव्या हाताच्या भिंतीतला मोठा संस्कृत लेख शके १५९६ चा आहे. त्यात हिराजीने, म्हणजे हिरोजीने, रायगडावर विहिरी, तलाव, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा आणि राजगृहे उभारल्याचा उल्लेख आहे. प्रश्न ९ मधल्या शहराची ही त्याच काळची यादी आहे, त्यामुळे गड फिरून झाल्यावर वाचा. दुसरा लेख छोटा, दाराच्या पायरीवर: ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’. परंपरेने हेच हिरोजी इंदुलकर. लोक खाली न बघता त्याच पायरीवरून आत जातात, म्हणून तो सापडत नाही. त्यावर पाय देऊ नका, पाणी-खडूही लावू नका. सकाळचे तिरपे ऊन असले की अक्षरे आपोआप उठून दिसतात.

१४. टकमक, हिरकणी, भवानी: ही टोके मुलांना घेऊन पाहण्याजोगी आहेत का?

टकमक टोकाला कठडे आहेत, वाटेत दारूकोठाराचे अवशेष लागतात. वाट शेवटी अरुंद होते आणि वारा जोरात असतो. छत्री उघडू नका, मुलांचा हात सोडू नका, गर्दी असेल तर टोकावरचे लोक परत आल्यावरच पुढे जा. हिरकणी बुरुजाची वाट चिंचोळी. ओल असेल तर लहान मुलांना नेऊ नये. भवानी टोकाकडे वर्दळ कमी, वाट गवतातून जाते, म्हणून एकट्याने जाऊ नका. कड्यांना मधमाश्यांची पोळी असतात. खाली दगड भिरकावणे आणि धूर करणे दोन्ही टाळा.

१५. वाघ दरवाजातून खाली उतरता येते का?

दरवाजापर्यंत जाता येते. कुशावर्त तलावाच्या बाजूने घळीत उतरावे लागते, वाट घसरडी आहे. त्याखाली उतरणे हे दोराचे आणि अनुभवाचे काम आहे. १६८९ च्या वेढ्यातून राजाराम महाराज याच बाजूने निसटले, असे मानले जाते. त्या गोष्टीच्या भरात खाली पाय टाकणारे मध्येच अडकतात. पावसाळ्यात दरवाजापर्यंतही नको.

१६. जेवण, पाणी आणि स्वच्छतागृहांचे काय?

गडावरच्या घरांमध्ये पिठले-भाकरी, झुणका, ठेचा, ताक मिळते. दहा-बारा जण असाल तर वर पोहोचल्याबरोबर सांगून ठेवा. भाकऱ्या त्यानंतर थापायला घेतात, ऐन भुकेच्या वेळी सांगितले तर तासभर बसावे लागते. माणशी निदान दोन लिटर पाणी सोबत घ्या, उन्हाळ्यात तीन. तळ्यांचे पाणी गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नका. स्वच्छतागृहे रोपवेच्या दोन्ही टोकांना मिळतील. जगदीश्वराकडे निघण्याआधी तिथेच जाऊन या. रोख सुटे पैसे ठेवा, नेटवर्क गेले की क्यूआर कोड निरुपयोगी.

१७. आजी-आजोबांना न्यायचे आहे. व्हीलचेअर चालेल का?

रोपवेने वर येता येईल. पण वरच्या स्थानकापासून राजसभेपर्यंतही पायऱ्या आणि ओबडधोबड दगड आहेत, व्हीलचेअर फार पुढे जात नाही. काठीने हळूहळू चालणाऱ्यांना राणीवसा, राजसभा आणि नगारखाना जमतो. जगदीश्वरापर्यंत जाऊन येणे म्हणजे जाताना उतार आणि येताना उन्हात चढ. परतीच्या चढाचा अंदाज घेऊनच ठरवा. उंचीची भीती असणाऱ्यांनी रोपवेच्या पाळण्यात डोंगराकडे तोंड करून बसावे.

१८. चढून गेलो आणि खाली यायला रोपवे मिळाला नाही तर?

शनिवार-रविवारी हे नेहमी होते. एकेरी तिकीट वर मिळेल का, हे चढण्याआधी खालच्या स्थानकात विचारा आणि शेवटच्या फेरीची वेळही तेव्हाच नोंदवा. वारा वाढला किंवा विजा चमकू लागल्या की पाळणे थांबवतात, तेव्हा तिकीट हातात असूनही वाट पाहावी लागते. म्हणून पायी उतरण्याची तयारी असेल तरच माथ्यावर दुपारी चारनंतर रेंगाळा. उतरायला पाचच्या आत लागा आणि प्रत्येकाकडे टॉर्च असू द्या. अंधारात असमान पायऱ्यांवर घोटा मुरगळतो तो बहुतेक खालच्या टप्प्यात. आणखी एक अडचण: गाडी रोपवेच्या वाहनतळावर लावून चित दरवाजाने चढलात तर ठीक, पण गाडी चित दरवाजापाशी असेल आणि रोपवेने उतरलात तर रस्त्याने तेवढे मागे चालावे लागेल.

१९. चपला, कॅमेरा, ड्रोन यांचे नियम काय?

जगदीश्वराच्या मंदिरात, समाधीपाशी आणि मेघडंबरीजवळ (सिंहासनाच्या जागेवरचे छत्र) पादत्राणे काढतात. उन्हाळ्यात दगड चटका देतात, मोजे ठेवा. मोबाइलवर फोटो काढायला अडचण नाही. ड्रोन, ट्रायपॉड आणि लग्नाआधीची फोटोशूट यांना पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते, वर जाऊन विनवण्या करून काही होत नाही. खात्याचे प्रवेशतिकीट आणि रोपवेचे तिकीट वेगवेगळे आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात रायगड आहे.

२०. समाधीजवळचा वाघ्या कुत्रा खरा की दंतकथा?

महाराजांच्या चितेत उडी घेतली असे सांगतात त्या कुत्र्याचा तो चौथरा आणि पुतळा विसाव्या शतकातला, समाधीच्या जीर्णोद्धारानंतरचा आहे. समकालीन कागदांत वाघ्याचा आधार मिळत नाही. त्यावरून वाद आहेत. गडावर उभे राहून अनोळखी लोकांशी ते वाद घालू नयेत, हा व्यावहारिक सल्ला.

२१. पाचाडला थांबण्यासारखे काय आहे?

जिजाऊंची समाधी आणि त्यांच्या वाड्याचे अवशेष. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला त्यांचे निधन झाले. वाड्याच्या तटाच्या आत ताकाची विहीर आहे, ती जरूर बघा. अर्धा-पाऊण तास पुरतो. पण संध्याकाळी दमून आल्यावर कोणी थांबत नाही, म्हणून सकाळी जातानाच बघून घ्या. राहायचे असेल तर पाचाड आणि हिरकणीवाडीत घरगुती सोय मिळते, महाडात लॉज आहेत. माथ्यावर तंबू ठोकू नका, हे संरक्षित स्मारक आहे.

२२. दोन दिवस आहेत. रायगड आणि समुद्र दोन्ही होईल का?

होईल, क्रम मात्र आधी गड मग समुद्र असाच ठेवा. पहिल्या दिवशी पहाटे गड, संध्याकाळी माणगावला मुक्काम. दुसऱ्या दिवशी म्हसळामार्गे श्रीवर्धन, हरिहरेश्वर किंवा दिवेआगर, रस्ता दीड-दोन तासांचा. उलट क्रमाने आलात तर वाळूत चालून दुखरे झालेले पाय आणि उशिरा सुटलेली सकाळ घेऊन दहाला पायऱ्यांवर पोहोचता. महाडात तास मिळाला तर चवदार तळे (२० मार्च १९२७ चा सत्याग्रह इथलाच) आणि महामार्गालगतची गांधारपाले लेणी वाटेवरच आहेत. हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा भरतीच्या वेळी धोक्याची असते, तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा देवळापाशी विचारूनच खाली उतरा.